पोटऱ्या वाळल्यात, वजन उतरतंय आणि गोळ्या मात्र वाढतायत: उपकेंद्रात सुरुवात कुठून करायची?

खाडीकाठ_सीएचओ

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या उपकेंद्रात एनसीडीच्या (बीपी-शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या) दिवशी सत्तरीपुढची बरीच मंडळी येतात. त्यांच्याबद्दल विचारायचं आहे. बीपी-शुगरचे आकडे कार्डावर छान दिसतात, पण माणूस दर खेपेला थोडा वाळलेला दिसतो. पोटऱ्या काठीसारख्या, दंडावरची कातडी लोंबते, बाकावरून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. "तोंडाक चव नाय, पायात बळ नाय, एक सलाईन लावा" हे दिवसातून चार-पाचदा ऐकू येतं.

नमुन्यादाखल एका आजींची माहिती देते. वय ७८, उंची १४८ सेंमी, वजन ४० किलो. गेल्या गणपतीत कार्डावर ४३ लिहिलेलं आहे. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६.३, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.१, बीपी ११८/७०. गोळ्या अशा: आमच्याकडची शुगरची मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेली, शुगरचीच ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० ची एकत्र गोळी सकाळी. बीपीची ॲम्लोडिपिन १०. पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड ४०. गॅसची पँटोप्रॅझोल ४०. कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन १०. झोपेची अल्प्राझोलम ०.२५. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक "लागली तर". शिवाय ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल. खाणं म्हणजे सकाळी पेज, दुपारी भात आणि माशाचं सार, संध्याकाळी चहा-बटर, रात्री परत भात.

विचारायचं ते असं. मशीन वगैरे काही नसताना स्नायू कमी झालेत हे ठरवायचं कसं? यातल्या कोणत्या गोळ्यांबद्दल एमओंशी (वैद्यकीय अधिकाऱ्यांशी) बोलायला हवं? अंडी-डाळ वाढवा म्हटलं की घरचे "किडनीवर ताण येईल" म्हणतात, त्यात किती तथ्य आहे? आणि सलाईन मागणाऱ्यांना काय सांगायचं?

किनारा_एमओ

ताई, माहिती नेमकी दिलीत हे फार बरं केलंत. ४३ वरून ४० म्हणजे सात टक्के वजन गेलं. सहा ते बारा महिन्यांत न ठरवता पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर ते "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं नाही. आहार आणि गोळ्यांकडे वळण्याआधी बाकीची कारणं बघून घ्या. दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल तर थुंकी टीबीसाठी पाठवा. गिळताना ठसका लागतो का, शौचाची सवय अलीकडे बदलली का, शौचातून रक्त जातं का, स्तनात गाठ आहे का, हे विचारा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्या. तोंड उघडून बघा: कवळी सैल झाली असेल, हिरड्या सुजल्या असतील, तर माणूस आपोआप मऊ भातावर येतो. मन लागतं का, आवडीच्या गोष्टीत रस उरलाय का, हे दोन प्रश्नही विचाराच. मुलं मुंबईला, घरात एकटी आजी, मग एकदाच भात शिजवायचा आणि दोन्ही वेळा तोच खायचा, हे कोकणात घरोघर आहे.

शुगर फार वाढलेली असली तरीही वजन आणि स्नायू उतरतात. म्हणून बारीक झालेल्या प्रत्येकाची शुगरची गोळी कमी करायची, असा अर्थ काढू नका. या आजींची ६.३ आहे म्हणून त्यांचं गणित उलट आहे, एवढंच.

आता मोजमाप. स्नायू घटण्याला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. हा शब्द १९८९ मध्ये आला. आशियाई देशांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये दिलेले निकष आपल्या कामाचे आहेत, कारण त्यांतल्या पहिल्या पायरीला टेप आणि खुर्ची पुरते.

पोटरी मोजताना माणसाला खुर्चीवर बसवा. गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर सपाट. टेप पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर आडवा धरा. तो कातडीला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. वर-खाली सरकवून सगळ्यात मोठा आकडा शोधा, दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा लिहा. पुरुषांत ३४ सेंमीपेक्षा कमी आणि बायकांत ३३ पेक्षा कमी आला तर संशय घ्यायचा. इथे सगळ्यात जास्त फसगत सुजेने होते. आजींचे पाय ॲम्लोडिपिनने सुजलेत, म्हणजे पोटरी आहे त्यापेक्षा जाड भरणार. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतोय का ते आधी बघा. पडत असेल तर "सूज आहे" असं आकड्याशेजारी लिहा आणि त्या आकड्यावर विसंबू नका.

आशाताईंकडे टेप नसेल तर दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करायचं आणि रुग्णाने स्वतःच्या पोटरीभोवती ते घालायचं. कडं पोटरीवर अपुरं पडलं तर ठीक. कडं सैल राहिलं, फट दिसली, तर त्या माणसाला तुमच्याकडे पाठवायचं.

मग खुर्ची. साधारण ४३ सेंमी उंचीची, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर घडी. पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. पाचव्यांदा उभं राहिल्यावर घड्याळ थांबवायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर ताकद कमी. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही तर सेकंद मोजायची गरजच नाही, उत्तर मिळालं. आपल्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्या वाकतात आणि सरकतात, त्यावर ही चाचणी करू नका.

प्रश्नावलीही आहे, पाच प्रश्नांची: साडेचार किलो उचलायला किती जड जातं (पाच लिटरचा कॅन थोडा कमी भरलेला समजा), खोलीत चालायला मदत लागते का, खुर्चीतून किंवा खाटेवरून उठायला, दहा पायऱ्या चढायला, आणि वर्षभरात किती वेळा पडलात. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, चार किंवा जास्त आले तर संशय. पण नुसत्या प्रश्नांतून बरेच जण निसटतात. "मी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) रोज चढतो" म्हणणारे आबा खुर्चीवरून उठताना अडकतात. म्हणून प्रश्न विचारलेत तरी टेप आणि खुर्ची सोडू नका.

आणि क्रिएटिनिनबद्दल जरा सविस्तर सांगतो. १.१ वर प्रयोगशाळा "नॉर्मल" छापते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायूच उरले नाहीत तर किडनी थकलेली असूनही ते कमीच दिसतं. किडनीचं काम मोजायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र हाताने करून बघा: १४० मधून वय वजा, म्हणजे ६२. गुणिले वजन ४०, म्हणजे २४८०. बाई म्हणून गुणिले ०.८५, म्हणजे २१०८. भागिले (७२ गुणिले १.१), म्हणजे ७९.२. उत्तर साधारण २७ मिली दर मिनिटाला. "नॉर्मल" क्रिएटिनिनच्या आजींची किडनी औषधांच्या हिशेबाने एवढीच चालतेय. प्रयोगशाळेचं ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या कामाचा अंदाज) ५१ च्या आसपास दाखवेल, पण तो आकडा १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या शरीरासाठी असतो आणि आजींचं शरीर त्याहून बरंच लहान आहे. डायक्लोफेनॅक त्यांच्यासाठी बंद व्हायला हवं, ते इथूनच.

औषधी_रत्नागिरी

एमओंनी किडनीचं गणित मांडलंच आहे, मी गोळ्यांचं सांगते. पहिलं काम म्हणजे पिशवी. "कोणत्या गोळ्या घेता?" असं विचारून उपयोग नाही. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, पुड्या, मलमं, काढे एका पिशवीत घालून आणायला सांगा आणि टेबलावर ओता. या आजींचा मेटफॉर्मिन दोन ठिकाणांहून जातोय, हे त्याशिवाय कळलं नसतं. सरकारी स्ट्रिप वेगळी, मुंबईची एकत्र गोळी वेगळ्या नावाची. दिवसाला १००० नव्हे, १५०० मिग्रॅ पोटात जातंय. मेटफॉर्मिनने भूक मरते, तोंडाला धातूसारखी चव येते, पोट ढिलं होतं, आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर ब१२ उतरतं. "तोंडाक चव नाय" याचं एक कारण त्या पिशवीतच आहे.

माझ्या मते सगळ्यात आधी हात घालायचा तो ग्लिमेपिराइडला. ७८ वर्षांच्या, ४० किलोच्या, पेजेवर राहणाऱ्या बाईचं एचबीए१सी ६.३ हे यश नाही, तो धोका आहे. या वयात आणि या प्रकृतीत ८ च्या आसपास चालतं. ग्लिमेपिराइड जेवण झालं की नाही हे बघत नाही, ते इन्सुलिन सोडतच राहतं. किडनी मंद असली तर त्याचा असर लांबतो. पहाटे घाम, दुपारी भांबावणं, "चक्कर येऊन पडले" ही कमी शुगरची लक्षणं असू शकतात आणि घरचे त्याला अशक्तपणा म्हणतात. पडल्यावर खुबा मोडला तर उरलेले स्नायू तीन आठवडे अंथरुणात जातात. एमओंच्या सहीने ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन ५०० एकदा किंवा दोनदा जेवणानंतर, आणि दोन आठवड्यांनी उपाशीपोटी व जेवणानंतरची शुगर. ईजीएफआर ४५ च्या खाली आलं तर मेटफॉर्मिन दिवसाला १००० पेक्षा जास्त नको, ३० च्या खाली पूर्ण बंद. लहान अंगाच्या माणसाला मी नेहमी खालच्या बाजूने धरते.

दुसरी साखळी बघा. ॲम्लोडिपिन १० ने घोटे सुजले. ती सूज पाणी साठल्याची समजून फ्युरोसेमाइड दिलं. त्याने सूज नीट उतरत नाही, कारण ती केशवाहिन्यांतून झिरपलेली असते. मात्र पोटॅशियम जातं, रात्री पायात गोळे येतात, चारदा लघवीला उठावं लागतं, काळोखात पडवीच्या उंबऱ्याला पाय अडकतो. मग झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलम. एका गोळीने आणखी दोन गोळ्या आणल्या. आधी हृदयाची शंका काढून टाका: आडवं झाल्यावर दम लागतो का, मानेच्या शिरा फुगल्यात का, फुप्फुसात आवाज आहेत का. लघवीतलं प्रथिन बघा. तसं काही नसेल तर ॲम्लोडिपिन ५ वर आणायचं, दोन आठवडे बीपी बघायचं आणि मग फ्युरोसेमाइड काढायचं. ११८/७० वर तेवढी जागा आहे. त्याआधी उभं करून बीपी घ्या: पाच मिनिटं आडवं, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्करेचं कारण हातात आलं.

डायक्लोफेनॅकवर फार लिहीत नाही, ते बंदच. गुडघ्यांना पॅरासिटामॉल ५०० पुरतं. ४० किलोच्या माणसाला दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ नका. एक मात्र सगळ्यांना सांगा: टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅक या तीन एकत्र आल्या, वर जुलाब-उलट्या झाल्या, की किडनी दोन दिवसांत बसू शकते.

पँटोप्रॅझोल कशासाठी सुरू झाली होती हे कोणाला आठवत नसेल तर ती बहुधा डायक्लोफेनॅकसाठी होती. रोज, वर्षानुवर्षं घेतल्याने ब१२ आणि मॅग्नेशियम उतरतं. पण एकदम थांबवलीत तर पंधरा दिवस आम्ल उसळून येतं आणि रुग्ण म्हणतो "बघा, मला लागतेच". म्हणून ४० ची २०, मग दिवसाआड, मग बंद, असे तीन-चार आठवडे घ्या. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल, किंवा पूर्वी जठरातून रक्तस्राव झाला असेल, तर हात लावू नका.

अल्प्राझोलम रातोरात थांबवायची नाही, थरकाप आणि झोप उडणं येतं, क्वचित झटकेही. दर दोन आठवड्यांनी साधारण पाव भाग कमी, शेवटी आणखी सावकाश.

ॲटोरव्हास्टॅटिनला उगाच दोष देऊ नका. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्याने ती चालू ठेवायचीच. मांड्या-दंड दोन्ही बाजूंनी दुखत असतील, लघवी काळपट होत असेल, तर मात्र सीके (स्नायूंची रक्ततपासणी) आणि टीएसएच करा.

आणि दोन गोष्टी, ज्या पिशवीतूनच सापडतात. एक, ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची कॅप्सूल. ती आठवड्याला एक असते, बहुधा आठ आठवडे. ती रोज घेणारे भेटतात. रक्तातलं कॅल्शियम चढतं, भूक मरते, बद्धकोष्ठ होतं, तहान लागते, माणूस सुस्तावतो. दोन, नाव नसलेल्या "वाताच्या" पुड्या. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक लागली, चेहरा भरला, पण मांड्या वाळत गेल्या आणि खाली बसलेलं उठवेना, तर आत स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता. तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, थेट एमओंकडे पाठवा.

एका वेळी एकच गोळी बदला, दोन ते चार आठवड्यांचं अंतर ठेवा. अपवाद डायक्लोफेनॅक आणि ग्लिमेपिराइडचा, त्या दोन्ही पहिल्याच भेटीत थांबवता येतात.

खाडीकाठ_सीएचओ

फार उपयोगी. पिशवी उद्यापासूनच सुरू करते. आहाराचं कोणी सांगेल का? इथे पावसाळ्यात मासळी मिळत नाही आणि श्रावणात खात नाहीत, तेव्हा "मासे खा" सांगून काही हाती लागत नाही.

आहार_मालवण

ताई, तुम्ही म्हणता तो काळच कळीचा आहे. जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती, काही घरांत पितृपक्ष संपेपर्यंत वशाट शिजत नाही. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने आजींच्या ताटातलं मुख्य प्रथिन गायब. याच काळात पाऊस आणि शेवाळामुळे घराबाहेर पाऊलही पडत नाही. खाणं आणि हालचाल दोन्ही एकदम घटतात. म्हणून वजन आणि पोटरी मे महिन्यात एकदा आणि नवरात्रानंतर एकदा मोजा.

आकडा आधी. निरोगी ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिन, आजारी किंवा वाळलेल्याला १.२ ते १.५. आजींना १.२ धरलं तर ४८ ग्रॅम. आता त्यांचं ताट मोजू. पेजेत ४० ग्रॅम तांदूळ, ३ ग्रॅम. दुपारचा भात १०० ग्रॅम तांदळाचा, ७-८ ग्रॅम. पातळ डाळ असलीच तर ४. माशाचा एक छोटा तुकडा, ७. चहा-बटर, २. रात्रीचा भात, ५. बेरीज तीसच्या आतबाहेर. रोज १८ ग्रॅमची तूट, आणि जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त दुपारच्या एका ताटात. म्हाताऱ्या स्नायूला एका वेळी २५-३० ग्रॅम मिळालं तर तो नीट बांधला जातो. ४० किलोच्या बाईला तिन्ही वेळा १५-१६ मिळालं तरी मोठी गोष्ट.

"माशाचं सार खातात" हे वाक्य जरा उलगडून विचारा. पुष्कळ घरांत तुकडे नातवाला आणि मुलाला जातात, आजी सार ओरपते. सारात चव आहे, प्रथिन जवळजवळ नाही. तेच पायाच्या सुपाचं, डाळीच्या वरच्या पाण्याचं आणि सोलकढीचं. नारळाच्या दुधाला दूध म्हणतात म्हणून ते दुधाच्या जागी धरू नका. त्यात मेद भरपूर, प्रथिन नावाला.

बदल पेजेपासून करा, कारण पेज त्या सोडणार नाहीत आणि सोडूही नयेत. उकड्या तांदळाची पेज उकळत असताना एक अंडं फेटून बारीक धारेने सोडायचं आणि दोन मिनिटं ढवळत राहायचं. ते मऊ धाग्यांसारखं शिजतं, दात नसले तरी गिळता येतं. ६ ग्रॅम मिळाले. वर चमचाभर तूप, कारण पोटात ऊर्जा पुरेशी गेली नाही तर शरीर प्रथिनच जाळतं. अंडं चालत नसेल त्या दिवशी साय काढलेल्या दुधाची पावडर २० ग्रॅम पेज कोमट झाल्यावर मिसळा, ७ ग्रॅम. उकळत्या पेजेत टाकली की गुठळ्या होतात आणि मग ती वाटी तशीच परत येते. पेजेसोबत कुळथाची पिठी ही आपल्याकडची जुनी जोडी आहे. ३० ग्रॅम कुळीथ पिठात साडेसहा ग्रॅम, मात्र ती पळीवाढी नको, घट्ट हवी. संध्याकाळी बटराऐवजी ग्लासभर दूध किंवा २० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट गुळाबरोबर. एवढ्यात तूट भरते. दुपारच्या ताटात मासळीच्या दिवसांत मध्यम बांगडा अख्खा आजींचा, काटे काढून. त्यातून १५ ग्रॅमच्या आसपास मिळतात.

आगोटीची (पावसाळ्यापूर्वीची) बेगमी करताना सुका जवळा भरा. वाळलेल्या जवळ्याच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिन असतं. १५ ग्रॅम, म्हणजे सैल मूठभर, निवडून, धुऊन, भाजून कांद्यावर परतला तर ८-९ ग्रॅम. खारवलेला बांगडा मात्र बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी टाळावा, भिजवूनही मीठ पुष्कळ उरतं. श्रावणात काळ्या वाटाण्याचं सांबार, चवळी, मूग. कडधान्य रात्रभर भिजवून कुकरमध्ये बोटाने चुरडेल इतकं शिजवा आणि थोडं घोटून घ्या. अर्धवट शिजलं की पोट फुगतं आणि मग वर्षभर "मला डाळ सोसत नाही" ऐकावं लागतं.

किडनीचं उत्तर: डायलिसिस नसलेल्या, ईजीएफआर ३० च्या खाली गेलेल्या रुग्णाचं प्रथिन किडनीच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं. त्याच्या वर असेल तर १ ते १.२ ग्रॅमपेक्षा कमी करायचं कारण नाही. आजींचं एमओंनी काढलेलं २७ आणि प्रयोगशाळेचं ५१, दोन्ही लक्षात घेता मी त्यांना १ ग्रॅमवर, म्हणजे ४० वर थांबवेन आणि डायक्लोफेनॅक बंद झाल्यावर महिन्याने क्रिएटिनिन परत बघेन. त्यांना आज ३० च मिळतायत, तेव्हा ४० हीसुद्धा वाढच आहे. शहाळ्याबद्दल सावध करा. अशक्तपणा म्हटलं की पाहुणे शहाळी घेऊन येतात. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी मंद आणि टेल्मिसार्टन चालू असेल तर रोजचं शहाळं पोटॅशियम बघितल्याशिवाय नको.

सलाईन मागणाऱ्यांना सांगा: पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर आणि पाणी असतं, शंभर उष्मांकही नाहीत. पेजेतलं एक अंडं आणि चमचाभर तूप त्यापेक्षा जास्त देतं. डब्यातल्या पावडरींचं पण तेच: मागे दर १०० ग्रॅमला प्रथिन किती लिहिलंय ते वाचा. काहींत साखरच जास्त असते.

आठवडाभर जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला मात्र एकदम भरपेट खाऊ घालू नका, रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक खाली येतात. त्याला वर पाठवा.

फिजिओ_वेंगुर्ला

नुसतं अंडं खाऊन स्नायू येत नाही, त्याला काम द्यावं लागतं. आणि "रोज चालते की" हे पुरेसं नाही. चालण्याने दम वाढतो, मांडीची ताकद फारशी वाढत नाही.

आजींना एकच व्यायाम द्यायचा असेल तर खुर्चीतून उठणं. लाकडी, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून. बैठक खोल वाटली तर वर गोधडीची घडी घाला. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकून मग उठायचं. बहुतेक जण पाय पुढे ठेवून सरळ पाठीने उठायला बघतात, म्हणून अडकतात. बसताना मनात चार मोजत सावकाश बसायचं. धपकन बसलं तर निम्मा व्यायाम वाया गेला. आठ ते दहा वेळा, एक-दोन मिनिटं विश्रांती, असे दोन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, दिवसाआड. दहा सहज जमले की गोधडीची एक घडी कमी. मग हात न टेकता. मग छातीशी लिटरभर पाण्याची बाटली धरून. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या नाहीत तर व्यायाम हलका पडतोय.

त्याला जोड म्हणून दाराची चौकट धरून टाचा उचलणं, आणि बसून पाय सरळ करणं. जुन्या लुगड्याच्या कापडाची थैली शिवून त्यात अर्धा किलो कोरडी वाळू भरा आणि घोट्याच्या वर बांधा. ओली वाळू भरली तर वजन बदलतं आणि कातडी सोलवटते. हे सगळं पडवीत होतं, पावसाची अडचण नाही.

दुसऱ्या दिवशी मांडी ठणकली तर चालेल, सांधा सुजला तर फेरे निम्मे करा. बीपी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी नको, छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं. ग्लिमेपिराइड अजून चालू असेल तर उपाशीपोटी अजिबात नाही, पेजेनंतर तासाभराने. पाखाडी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. बारा आठवड्यांनी पाच उठाबशांचे सेकंद पुन्हा मोजा. पोटरीचा सेंमी हलायला वेळ लागतो, सेकंद आधी कमी होतात, आणि ते रुग्णाला दाखवलेत तर तो व्यायाम सोडत नाही.

खाडीकाठ_सीएचओ

एक शेवटचं. आजींचा मुलगा मुंबईहून दर दोन महिन्यांनी गोळ्यांचं पार्सल पाठवतो. इथल्या केंद्राने ग्लिमेपिराइड बंद केली म्हटलं तर तो ऐकेल असं वाटत नाही. आणि आजी श्रावणी सोमवार सोडत नाहीत.

किनारा_एमओ

मुलाला आजींसमोर, त्यांच्याच फोनवरून फोन लावा आणि तीन आकडे सांगा: वजन ४३ वरून ४०, एचबीए१सी ६.३, किडनी २७. "तुमच्या डॉक्टरांची गोळी चुकीची" असं म्हणायचं नाही. ती लिहिली तेव्हा आई जास्त जेवत होती आणि वजन जास्त होतं, आता शरीर बदललंय, असं सांगायचं. मी प्रा. आ. केंद्राच्या कागदावर औषधांची यादी, बंद केलेल्यांच्या पुढे तारीख आणि एका ओळीत कारण लिहून देतो. त्याचा फोटो मुलाला पाठवा आणि त्याने तो मुंबईच्या डॉक्टरांना दाखवावा. एकत्र गोळीच्या उरलेल्या स्ट्रिपा आजींच्या डब्यात राहू देऊ नका, नाहीतर पार्सल आलं की त्या परत सुरू होतात. पुढच्या दोन आठवड्यांत उपाशीपोटीची शुगर २०० च्या वर गेली किंवा तहान-लघवी वाढली तर मला कळवा, तेव्हा दुसरं काही बघू.

सोमवारचा उपास ग्लिमेपिराइड गेल्यावर तितका धोक्याचा राहत नाही. तो मोडायला लावू नका. साबुदाण्याच्या जोडीला दूध, दही आणि शेंगदाणे भरपूर घ्या म्हणावं. ती गोळी अजून चालू असलेले बाकीचे ज्येष्ठ तुमच्या यादीत असतील, त्यांची नावं मात्र श्रावण लागायच्या आधी काढून माझ्याकडे पाठवा.